कार्यालयास खडू, पेटी १

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.५२.
दुधाच्या रांगेत तिसरा उभा होतो. हातात पिशवी, मुठीत मोजलेले सुटे पैसे. समोरच्या इमारतीतला टकल्या आला, दूधवाल्याच्या खिशात काहीतरी सरकवले आणि चार पिशव्या घेऊन गेला. माझी पाळी आली तेव्हा दूध संपले होते. मी दूधवाल्याला सांगितले की हा भ्रष्टाचार आहे. तो म्हणाला, हा ॲडव्हान्स आहे, तुम्हीही देत जा. मागच्या बाई हसल्या. त्याही त्यातल्याच. चेहऱ्यावरूनच कळते.
घरी येऊन ताईला सगळे सविस्तर सांगितले. ताईने एवढेच विचारले, की दूध कुठे आहे.
निश्चय: समाजातला भ्रष्टाचार मुळासकट उपटणे. मोठी माणसे कामातून गेलेली आहेत. पालथ्या घड्यावर पाणी घालायचे नाही. सुरुवात लहानपणापासून. इयत्ता तिसरी योग्य. पहिली-दुसरीला लिहिता येत नाही आणि चौथीला फार कळते.

त्याच दिवशी, दुपारी.
नोंद राहावी म्हणून लिहितो. मी शाळेच्या भांडारात मदतनीस आहे. तीन वर्षे झाली, अजून हंगामी. खडू, डस्टर, हजेरीपट, झाडू, घंटेचा हातोडा, सगळे माझ्या ताब्यात. भांडारवहीत आजवर एक खाडाखोड नाही. सगळी शाळा मला ‘भांडार’ म्हणूनच हाक मारते. बारावी मी अर्ध्यावर सोडली, पण माझ्यासारखे शुद्ध लिहिणारा पदवीधर या इमारतीत दाखवा. चित्रकलेचे सर ‘विद्यार्थी’ लिहिताना दरवेळी चुकतात आणि ते कायम आहेत.
कायम करायच्या लोकांची यादी ३१ मार्चला निघणार. भांडाराची एक जागा आहे. तीन वर्षे काम मी केले आहे. दुसरा माणूस येणार कुठून?

४ फेब्रुवारी, मंगळवार.
मोठ्या बाईंना (म्हणजे मुख्याध्यापिकांना) चार पानी प्रस्ताव दिला. ‘बालवयातील प्रामाणिकपणा व उत्तरदायित्व.’ बाईंनी पहिली ओळ वाचून विचारले, पैसे लागतील का? नाही म्हटले. मग त्यांनी उरलेली पावणेचार पाने न वाचता सही केली. शिवणाच्या बाई रजेवर आहेत, त्यांचा बुधवारचा शेवटचा तास मला मिळाला. तिसरीची चोवीस मुले.
त्यात माझी भाची आहे. तिला बजावले, की शाळेत ‘मामा’ म्हणायचे नाही, ‘सर’ म्हणायचे. तिने थोडा विचार केला. मग म्हणाली की ‘मामासर’ म्हणेन, म्हणजे दोन्ही खरे.
ही मुलगी फार बारकावे काढते. बापावर गेली आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार.
पहिला तास. उत्कृष्ट.
भ्रष्टाचार म्हणजे काय, असे विचारले. एक म्हणाला, दुसऱ्याने घेतलेले पैसे. एक मुलगी म्हणाली, आमचे बाबा म्हणतात की तो करायला आधी ओळख लागते. मॉनिटरने सांगितले की त्याचे काका करतात आणि त्यांचे घर फार छान आहे. पाया किती पोकळ आहे, ते लक्षात आले.
मग माझी पद्धत सांगितली. देणेघेणे झाले की पावती. खोडरबर उसने दिले, पावती. डबा वाटून खाल्ला, पावती. बाकांच्या सहा ओळींना सहा पावतीपुस्तके, प्रत्येकी ४५. वरची प्रत देणाऱ्याला, कार्बनची प्रत पुस्तकात. पानांना क्रमांक. कार्बनचे पान कोणत्याही परिस्थितीत फाडायचे नाही. हे वाक्य चोवीस जणांकडून तीनदा म्हणवून घेतले. आणि कोणी पावती न देता घेतले, तर पाहणाऱ्याने पुस्तकात ‘विनापावती’ अशी नोंद करायची. मग तो कोणीही असो. कोणीही म्हणजे कोण, असे भाचीने विचारले. मी म्हटले, अगदी मीसुद्धा.
कार्बन महागातला घेतला. दुकानदार म्हणाला, दहा वर्षे अक्षर फिके पडत नाही.
संध्याकाळी शिक्षण खात्याच्या तपासणी कार्यालयाला रजिस्टर पत्र टाकले: प्रयोग पाहायला अवश्य यावे, पूर्वसूचनेची गरज नाही. आता कळेल सगळ्यांना.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.
हेडक्लार्कने बोलावले. हा मनुष्य मला पहिल्या दिवसापासून आवडत नाही. कानात केस, आवाज मऊ, आणि समोरच्याकडे कधी बघत नाही, खिडकीकडे बघतो. खिडकीबाहेर भिंत आहे.
भिंतीला उद्देशून म्हणाला, की तुमची फाइल माझ्याकडेच आहे, पण फायलींचे फार झाले आहे, तुमची खाली गेली. वर यायची तर आठ हजार. दोन भागांत चालतील.
आठ हजार! माझा दोन महिन्यांचा पगार तेवढा नाही. मी काही न बोलता बाहेर आलो. माझ्या मौनाने तो हादरला असणार.
निश्चय: एक पैसाही नाही. मेलो तरी नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार.
नाही म्हणजे नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार.
शांत डोक्याने विचार केला. लाच म्हणजे काय? ज्याच्यावर आपला हक्क नाही ते मिळवायला दिलेले पैसे. माझा तर हक्क आहे. हक्काच्या गोष्टीसाठी दिले, तर ते लाच होत नाही, त्याला सेवाशुल्क म्हणता येईल. हा मुद्दा आजवर कोणाला सुचला नसावा.
शिवाय मी कायम झालो नाही, तर तिसरीचा वर्ग कोण घेणार? एका माणसाच्या हट्टापायी चोवीस मुलांचे नुकसान करणे हा खरा भ्रष्टाचार.
भावोजींकडे चार हजार मागितले. त्यांचे झेरॉक्सचे दुकान आहे. मशीनचे झाकण उघडे ठेवूनच म्हणाले, “काय मेहुणेबुवा, भ्रष्टाचार उपटायला मजूर लावताय का?” गिऱ्हाईक हसले. मी सांगितले की एका कोर्सची फी आहे. कसला कोर्स? म्हटले, कार्यालयीन कामकाज. दिले. देताना तीनदा मोजले. माणसाची नियत अशा वेळी दिसते.

१२ फेब्रुवारी, बुधवार.
दुसरा तास. पावत्यांचा पाऊस. एका आठवड्यात दोनशे सहा. जास्त पावत्या, त्याला चांदणीचे स्टिकर, असे मीच जाहीर केले होते. आता मुले एकच खोडरबर दिवसभर एकमेकांना देतात आणि पावत्या फाडतात. गणिताच्या बाईंची तक्रार आली. ती बाई मला पाण्यात पाहते.
मॉनिटरचे पुस्तक तपासले. पान १४: ‘एक खोडरबर मिळाले. वर्गात बोलल्याबद्दल फळ्यावर नाव न लिहिल्याबद्दल. सही.’ अक्षर सुबक, शुद्धलेखन निर्दोष. मी शेजारी ‘छान’ लिहिले. मग मजकूर वाचला.
पान १५ ते २२ तेच. एक रंगीत पेन्सिल, दोन गोळ्या, अर्धे केळे.
त्याला उभे केले. तो अजिबात घाबरला नाही. म्हणाला, सर, पण पावती दिली ना. बाकीच्यांनी माना डोलावल्या. अर्धे केळे देणारा म्हणाला, माझ्याकडे वरची प्रत आहे, तक्रार नाही.
उपाय: मॉनिटरवर तीन मुलांची दक्षता समिती नेमली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.
हेडक्लार्कला विचारले, पहिला भाग कुठे द्यायचा. भिंतीकडे बघत म्हणाला, की मी कोणाकडून हातात काही घेत नाही, माझे तत्त्व आहे. सोमवारी कार्यालयातून खडूची मागणी येईल, पेटी घेऊन या.
मला क्षणभर कळले नाही. कार्यालयात फळाच नाही.
मग कळले.

१७ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १.१५.
चिठ्ठी आली: ‘कार्यालयास खडू, पेटी १.’ सहीनिशी. एका पेटीतले वरचे वीस खडू काढून पाकीट ठेवले, झाकण लावले. नेमकी त्याच वेळी भाची वर्गासाठी खडू न्यायला दारात. किती वेळ उभी होती, देव जाणे. विचारले, तर म्हणाली, आत्ताच आले, पाकीट ठेवलेत तेव्हा.
सांगितले की ते खडू ओले होऊ नयेत म्हणून आहे.
पेटी पोचवली. हेडक्लार्कला म्हटले, पावती? सवयीने तोंडातून गेले. त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिले. नंतर बराच वेळ हसला, डोळे पुसले, आणि पुन्हा भिंतीकडे वळला.
भांडारवहीत नोंद केली. कार्यालयास खडू, पेटी १. नियम तो नियम.

१९ फेब्रुवारी, बुधवार.
तिसरा तास. मॉनिटर सुधारला. खोडरबर घेत नाही. दक्षता समिती घेते. पावत्या तिघांच्या सहीने. शिवाय दर दोन खोडरबरांतले एक मॉनिटरकडे जाते, त्याचीही पावती आहे.
दोष माझ्या पद्धतीत नाही. घरचे संस्कार.
वेळ संपल्यामुळे बाकीची पुस्तके तपासता आली नाहीत. शुक्रवारी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.
पुस्तक क्रमांक चार. भाचीच्या ओळीचे. पान ३१.
जसेच्या तसे उतरवतो: ‘विनापावती. दि. १७. मामासरांनी खडूच्या पेटीत पाकीट ठेवून हेडक्लार्कसरांना दिले. पाकिटात काय होते ते माहीत नाही. खडू ओले नव्हते. साक्षीदार: मी.’
एकही चूक नाही. अनुस्वारसुद्धा जागच्या जागी. दोन मिनिटे मला कौतुकच वाटले. नंतर लक्षात आले, की मामासर म्हणजे मी.

२२ फेब्रुवारी, शनिवार.
ताई भाजी आणायला गेली, तेव्हा भाचीला समोर बसवले. म्हटले, ती नोंद चुकीची आहे. कोणता शब्द, असे तिने विचारले. शब्द बरोबर आहेत, पण आशय चुकीचा. आशय म्हणजे काय? सांगितले. मग पाकिटात काय होते?
मी म्हटले की मोठ्यांच्या काही गोष्टी असतात. ती म्हणाली, तुम्हीच सांगितलेत, मग तो कोणीही असो, अगदी मीसुद्धा. आम्ही तीनदा म्हटले.
ते वाक्य तीनदा म्हणवले नव्हते. तीनदा म्हणवले ते कार्बनचे. हे मी तिला दाखवून दिले. तिने मान्य केले. पान मात्र फाडायला तयार नाही, कारण तीनदा म्हटले ते तेच.
आठ वर्षांची पोर आणि एवढा आडमुठेपणा. भावोजींचे घराणेच असे.

२४ फेब्रुवारी, सोमवार.
मुलांना समजावताना प्रोत्साहन द्यावे, असे कुठल्याशा मासिकात वाचले होते. स्टेशनरीच्या दुकानातून पेन्सिलबॉक्स आणला. झाकणाला चुंबक, दोन कप्पे, टोकयंत्र आणि पेन्सिली आतच. १२०. ही लाच नव्हे. वाढदिवसाची आगाऊ भेट. वाढदिवस सप्टेंबरात आहे.
तिने दोनदा झाकण उघडझाप केले. टक, टक. मग परत दिला. म्हणाली, विचार करून सांगते.
विचार करून सांगते! हे कोणाकडून शिकली?

२७ फेब्रुवारी, गुरुवार.
अजून विचार चालू आहे. मी तासाची तयारी करत असलो की येते, माझ्या टेबलावरच्या बॉक्सचे झाकण टक टक करते आणि जाते.

१ मार्च, शनिवार.
व्यवहार झाला. अटी: पान फाटणार नाही, पण ती ते कोणाला दाखवणार नाही. मी ठीक आहे म्हटले. पेन्सिलबॉक्स हातात घेतल्याबरोबर तिने दप्तरातून पुस्तक क्रमांक चार काढले (पान ३१ नंतर ते तिने ओळीत कोणाला लिहू दिलेले नाही), कार्बन सारखा केला आणि पान ३२ लिहिले: ‘एक पेन्सिलबॉक्स मिळाला. पान ३१ कुणाला न दाखवण्याबद्दल. सही.’ वरची प्रत फाडून मला दिली.
ती आत्ता या वहीत ठेवली आहे. खाली कार्बन आहे, याची मला जाणीव आहे. पण चोवीस मुलांची सहा पुस्तके कोण वाचणार? मोठ्या बाईंना चार पाने वाचवत नाहीत. आणि कार्बन शेवटी कार्बनच. दुकानदार लोक वाढवून सांगतात.
उलट एक समाधान: मुलगी पावती द्यायला विसरली नाही. पद्धत रुजते आहे.

१० मार्च, सोमवार.
दुसरा भाग. अडीच हजार ताईकडून, दीड हजार सायकल विकून. ताईला सांगितले की मित्राच्या आईचे ऑपरेशन आहे. तिने विचारले, कोणता मित्र? माझे मित्र नाहीत, हे तिला माहीत आहे. कपाटातून पैसे आणले आणि माझ्या तळहातावर ठेवताना म्हणाली, “अरे, तू दुसऱ्यांना शिकवतोस ते ठीक आहे. पण तुला कोणी फसवत असेल, तर निदान मला तरी सांग.”
भगिनीवर्गाला संशयाची सवय असते. पायी शाळेत गेलो. चिठ्ठी आली. कार्यालयास खडू, पेटी १. नोंद केली.
हेडक्लार्क भिंतीला म्हणाला, फाइल वर आली. आता निश्चिंत राहा, गुरुजी.
गुरुजी म्हणाला. पहिल्यांदाच.

११ मार्च, मंगळवार.
कायम झाल्यावर करायच्या गोष्टी: सायकल परत घेणे. भावोजींचे चार हजार सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, तीनदा मोजून, परत करणे. हेडक्लार्कची लेखी तक्रार (निवड झाल्यावरच). चौथीचाही वर्ग घेणे.

१८ मार्च, मंगळवार.
तपासणी कार्यालयाचे उत्तर. ‘आपल्या दि. ५ फेब्रुवारीच्या निमंत्रणानुसार दि. २६ रोजी शेवटच्या तासाला भेट देत आहोत. सर्व नोंदी तयार ठेवाव्यात.’
डबा न उघडताच पोस्टात गेलो.
लगेच स्पीड पोस्टाने दुसरे पत्र: मुलांना गोवर झाल्याने प्रयोग तात्पुरता स्थगित. सत्तर रुपये गेले.

१९ मार्च, बुधवार.
ते पत्र तिकडे पोचण्याआधी मोठ्या बाईंनी फोन करून साहेबांचे स्वागत केले म्हणे. गोवर कुठे आहे, असे त्यांनी मला स्टाफरूममध्ये सर्वांदेखत विचारले. कोणी सांगितले त्यांना? चित्रकला. नक्की चित्रकला.
पुस्तक क्रमांक चार भांडारात कुलूपबंद करावे म्हणून मागितले. भाची म्हणाली, घ्या, पण पावती द्या. पावती लिहायची, तर कशाबद्दल लिहिणार? परत दिले.

२६ मार्च, बुधवार. संध्याकाळी ६.३०.
झाले ते क्रमाने लिहितो.
साहेब आले. उंच, गंभीर, चष्मा साखळीला. प्रामाणिक माणूस, बघताक्षणी ओळखू येतो. शेवटच्या बाकावर बसले. मोठ्या बाई दारात, हेडक्लार्क त्यांच्या मागे.
मी प्रस्तावना केली. मॉनिटरने न विचारता आपले पुस्तक नेऊन दिले. साहेबांनी चार पाने वाचली आणि तोंडावर रुमाल धरला. दक्षता समितीने आपले दिले. साहेबांचे खांदे हलू लागले. मी खुलासा करणार, तेवढ्यात ते उठून ओळींमधून चालू लागले आणि भाचीपाशी थांबले. काय बाळ, तुझे पुस्तक दाखवतेस ना?
तिने पुस्तक पुढे केले. पण सोडले नाही. दोन्ही हातांनी धरून म्हणाली,
“साहेब, सगळं बघा. फक्त पान एकतीस दाखवायचं नाही. मी त्याचा पेन्सिलबॉक्स घेतलाय.”
वर्गात टाचणी पडली असती, तरी ऐकू आली असती. टाचण्या माझ्याकडे असतात, एकही पडली नाही.
साहेबांनी विचारले की हे तुला कोणी सांगितले. ती म्हणाली, पान बत्तीसवर आहे. बत्तीस दाखवायचे नाही, असे काही ठरले नव्हते.
साहेबांनी पान ३२ वाचले. मग एक पान मागे उलटले. कार्बनबद्दल दुकानदार खरे बोलला होता. मला तीन बाकांवरून अक्षरे दिसत होती.
साहेब हसले नाहीत. पुस्तक मिटले, हेडक्लार्ककडे पाहिले आणि म्हणाले, चला कार्यालयात. दार लागले.
मी भांडारात येऊन बसलो. खरे सांगायचे, तर भीती पाच मिनिटांत गेली. उलट बरेच झाले. हेडक्लार्क आता सुटत नाही. मी काय, मी पीडित. प्रसंगी माफीचा साक्षीदार होईन. पुस्तक क्रमांक चार म्हणजे पुरावा, आणि पद्धत कोणाची? माझी. वर्तमानपत्रात फोटो आला, तर कोणता शर्ट, इथपर्यंत मी पोचलो होतो.
चहा आत गेला. हसण्याचा आवाज आला. चौकशीची एक पद्धत असते ती, आधी मोकळे करतात.
मग शिपाई चिठ्ठी घेऊन आला.
‘कार्यालयास खडू, पेटी १.’
मी चिठ्ठी दोनदा वाचली. सही तीच. पेटी दिली. दुसरे काय करणार, सही बरोबर होती.
दहा मिनिटांनी साहेब गेले. पेटी त्यांच्या बगलेत होती. जाताना भाचीच्या डोक्यावर हात ठेवून हुशार आहे म्हणाले. माझ्याकडे बघितलेच नाही.
भांडारवहीत नोंद केली.

२७ मार्च, गुरुवार.
बुधवारचा तास बंद. मोठ्या बाईंचा आदेश: मुले नको ते शिकत आहेत. पावतीपुस्तके जमा करून जाळण्यात आली. काडीपेटी भांडारातूनच गेली.
मुलांना दुःख झाले, असे म्हणता येत नाही. मॉनिटर म्हणाला की पावतीशिवाय काम लवकर होते.

३१ मार्च, सोमवार. दुपारी ४.००.
यादी लागली. भांडार, जागा एक. माझे नाव नाही. हेडक्लार्कचा मेहुणा आहे. तो मनुष्य आजवर या इमारतीत आलेला नाही, आणि त्याचे आडनाव यादीत चुकीचे लिहिले आहे.
मी कार्यालयात गेलो. कडी न वाजवता गेलो. म्हटले, माझे आठ हजार परत द्या.
तो भिंतीकडे बघत नव्हता. सरळ माझ्याकडे बघत होता, आणि आवाज पूर्वीइतकाच मऊ.
“कसले आठ हजार, गुरुजी? पावती आहे?”
पाच फेब्रुवारीला मी चोवीस मुलांना हेच सांगितले होते.
मग त्याने टेबलाच्या खणातून एक कागद काढून दिला. ज्ञापन. ‘कार्यालयात फळा नसताना आपण कार्यालयाच्या नावे खडूच्या तीन पेट्या काढल्याचे भांडारवहीवरून स्पष्ट दिसते. त्यांची किंमत आपल्या अखेरच्या पगारातून वळती करण्यात येत आहे.’ मागणीच्या चिठ्ठ्या फाइलला नाहीत म्हणे. मी त्या चिठ्ठ्या जोडल्या होत्या. टाचणी अजून आहे.
वसुलीची पावती मात्र तिथल्या तिथे दिली. शिक्क्यानिशी.

१ एप्रिल, मंगळवार.
दिवसभर घरी. ताईला सगळे सांगितले. ती ओरडेल असे वाटले होते. तिने भाजी चिरायची थांबवली नाही. एवढेच म्हणाली, की सायकल निदान ओळखीच्या माणसाला विकायची. भावोजी एक अक्षर बोलले नाहीत. मला टोमणे चालले असते.

२ एप्रिल, बुधवार. संध्याकाळी ५.१०.
शेवटच्या तासाची वेळ उलटून गेली, तरी कॅलेंडरकडे बघत बसलो होतो. भाची आली. पेन्सिलबॉक्स माझ्यापुढे ठेवला.
काय झाले विचारले. म्हणाली, “पान एकतीस साहेबांनी बघितलं. काम झालं नाही. मग हा मला कसा ठेवता येईल?”
मी म्हटले, ठेव, राहू दे, वाढदिवसाचा समज. तिने मान हलवली. वाढदिवस सप्टेंबरात आहे. शिवाय एक पेन्सिल तिने टोक करून वापरली होती, ती किती झिजली, ते पट्टीने मोजून आणले होते: एक सेंटिमीटर दोन मिलिमीटर. ते कसे फेडायचे, असे विचारत होती.
मी माफ केले. तिने हात पुढे केला. मला वाटले, हात मिळवायचा आहे.
पावती हवी होती.
पुस्तके जळाली, म्हणून या वहीचे मागचे पान फाडून लिहून दिली: ‘पेन्सिलबॉक्स एक, परत मिळाला. सही.’ तिने वाचली. तारीख नाही म्हणाली. तारीख घातली.

हिशेब.
पावतीपुस्तके सहा: २७०
कार्बन, उत्तम प्रतीचा: १८०
चांदण्यांचे स्टिकर: ६०
पेन्सिलबॉक्स: १२०
निमंत्रणाचे रजिस्टर पत्र: ४०
गोवराचे स्पीड पोस्ट: ७०
खडू, पेट्या तीन, वसुली: २७०
सेवाशुल्क (खोडले) लाच: ८०००
एकूण गेले: ९०१०. पैकी पावती असलेले १०१०, नसलेले ८०००.
देणे: भावोजी ४०००, ताई २५००. एकूण ६५००.
येणे: काही नाही.
परत आले: पेन्सिलबॉक्स १. दुकानदार घेत नाही, एक पेन्सिल वापरलेली आहे म्हणतो.